पहिलीच्या वर्गात कोण आहे?

(टाकवे बुद्रुक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना इथे सगळे नुसतं ‘गुरुजी’ म्हणतात. मीही तेवढंच म्हणणार आहे. त्यांचा एक किस्सा मी तुमच्याच एका गाववाल्याकडून ऐकला. गुरुजी एकदा डोंगराकडच्या एका वस्तीशाळेत गेले होते. तिथले मास्तर खुशीत होते. म्हणाले, “गुरुजी, पट सतराचा आहे. एवढ्याशा वस्तीला काय वाईट?” गुरुजींनी हजेरीपट मागून घेतला. चौथीत नऊ, तिसरीत सहा, दुसरीत दोन. त्यांनी पान उलटलं, परत सरळ केलं आणि विचारलं, “पहिलीत कोण आहे?” पहिलीत कोणीच नव्हतं. गुरुजी म्हणाले, “मास्तर, शाळा भरलेली दिसते खरी, पण हिला तीन वर्षांत कुलूप लागणार.”

मी नदीतले मासे आणि शिंपले मोजणारा माणूस. गुरुजींचा आणि माझा तसा संबंध नाही. पण वीस वर्षं पाण्यात उभं राहून मला जे उशिरा कळलं, ते त्यांनी हजेरीपटाच्या एका पानावर ओळखलं होतं. म्हणून आजचं व्याख्यान त्यांच्याच प्रश्नावर आहे. आपल्या नदीत पहिलीच्या वर्गात कोण आहे?

नदीपासून सुरुवात करू. कान्हे फाट्यावरून टाकव्याला येताना आपण इंद्रायणीचा पूल ओलांडतो. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या अंगाला उगवलेली ही नदी पुढे देहू-आळंदीला जाते आणि मग भीमेला मिळते. तिला मिळणारी आपली आंद्रा. आंद्रेच्या खोऱ्याला आपण आंदर मावळ म्हणतो. पलीकडे नाणे मावळ, त्याच्या दक्षिणेला पवन मावळ. आंदर आणि पवन या दोन मावळांना तर नाव दिलं पाण्यानंच. आंद्रेचं पाणी ठोकरवाडीला अडवलं गेलं आणि १९२२ साली घाटाखाली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी त्या वर्षापासून अरबी समुद्राकडे वळलं. त्यातून मुंबईत दिवे लागले, गिरण्या चालल्या. माशांना मात्र त्याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांच्याकडे सातबारा नव्हता.

या भागातले मासे कोणी मोजलेच नाहीत असं नाही. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनभर फिरला. माणसं, पिकं, पाऊस, पक्षी, जे दिसेल ते त्यानं मोजलं आणि मासेही मोजले. ‘दख्खनचे मासे’ या विषयावरचा त्याचा सविस्तर लेख १८४१ साली लंडनला छापून आला. साइक्सनं केलेली एक गोष्ट मला फार आवडते. नव्या माशांना शास्त्रीय नावं देताना त्यानं लॅटिनची झोळी फारशी उघडली नाही. नदीकाठच्या लोकांना नाव विचारलं आणि तेच लिहून टाकलं. म्हणून आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात गेलात तरी बरणीवर ‘मिस्टस शिंगटी’ अशी चिठ्ठी दिसते. शिंगटी म्हणजे आपली शिंगटीच, काटा मारणारी. गारा मुल्या, लेबिओ पोटेल, हिप्सेलोबार्बस कोलस, टॉर खुडरी या सगळ्या नावांतलं दुसरं पद मराठी तोंडातून निघालेलं आहे, इंग्रजी कानातून गेल्यामुळे थोडं वाकडं झालेलं. टॉर खुडरी म्हणजे दख्खनचा महाशीर. त्याचा नमुना साइक्सला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. आज त्या जागी पुलावर उभं राहायचं तर नाकाला रुमाल लावावा लागतो.

साइक्सनंतर ऐंशी वर्षांनी नेल्सन ॲनंडेल आला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ साली स्थापन झाली, तिचा हा पहिला संचालक. त्याला मोठ्या नद्यांपेक्षा ओढ्यांत रस. १९१९ साली त्यानं मुंबई इलाख्यातल्या काही लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीवर लिहिलं. त्यात खंडाळ्याच्या ओढ्यातला बोटाएवढा मासा आहे, वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहणारा. हा मासा शास्त्राला तोवर ठाऊक नव्हता. म्हणजे पर्यटक ज्या ओढ्याकडे पाठ करून फोटो काढतात, त्यात पायाशी जगाला नवा असलेला जीव निघाला होता. पुढे १९४२ साली ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. २००३ साली पुण्यातल्या अभ्यासकांनी त्या जुन्या नोंदी पुढ्यात ठेवून नद्या पुन्हा धुंडाळल्या आणि साठ वर्षांत काय बदललं ते मांडलं. २०१२ साली नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी खास आपल्या इंद्रायणीच्या माशांवर निबंध लिहिला. पन्नासहून अधिक जाती आणि त्यांतल्या काही जगात फक्त सह्याद्रीत, काही तर फक्त कृष्णेच्या खोऱ्यात.

पन्नास हा आकडा ऐकून बरं वाटतं. मलाही वाटायचं. पण तो सतराच्या पटासारखा आहे. जात ‘आहे’ एवढंच यादी सांगते. तिच्या घरात पाळणा हलतो आहे का, हे यादीत लिहिलेलं नसतं.

आता शिंपल्याकडे येतो. समुद्रावरचे शिंपले सगळ्यांना ठाऊक. नदीतल्यांकडे कोणी बघत नाही. जुन्या बायकांना मात्र ते माहीत आहेत. शिंपला दगडावर घासून त्याच्या पाठीला भोक पाडायचं आणि त्या धारेनं कैरी सोलायची. स्टीलची सोलणी यायच्या आधी मावळातल्या किती लोणच्यांना या नदीचा हातभार लागला असेल! आपल्याकडे लांबट, तळहाताएवढा काळपट शिंपला असतो, तो लॅमेलिडेन्स. त्याहून लहान, फुगीर, पाठीवर नागमोडी रेघा असलेला तो पॅरेसिया. त्यातल्या एका जातीचं नाव पुण्याच्या धरणावरून ‘खडकवासलाएन्सिस’ असं आहे, एच. सी. रे यांनी १९६६ साली ते दिलं.

शिंपला दिवसभर करतो काय? निम्मा वाळूत रुतून बसतो, एका छिद्रातून पाणी आत घेतो, त्यातलं शेवाळ, कण, जिवाणू गाळून खातो आणि दुसऱ्या छिद्रातून पाणी सोडतो. एक शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतो. त्याला वीज लागत नाही, निविदा लागत नाही, उद्घाटनाला कोणाला बोलवावंही लागत नाही.

पण त्याची खरी गंमत त्याच्या बाळंतपणात आहे. मादी अंडी आपल्या कल्ल्यांतच सांभाळते. त्यातून जी पिल्लं निघतात ती मिठाच्या कणाएवढी, दोन चिमुकल्या झडपांची. ती पाण्यात सोडली जातात तेव्हा त्यांच्यापुढे एकच काम असतं, मासा गाठायचा. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घ्यायचा, काही दिवस, कधी काही आठवडे तिथेच चिकटून राहायचं, शरीराची घडण पूर्ण करायची आणि मग सुटून वाळूत पडायचं. ज्याला मासा भेटला नाही ते पिल्लू मेलं. बरं, कुठलाही मासा चालतोच असं नाही. शिंपल्याच्या कित्येक जातींचं ठरावीक माशांशीच जमतं. दुसऱ्या माशाचं अंग त्या पिल्लांना झटकून टाकतं. शिंपला स्वतः जन्मभर फारसा जागचा हलत नाही. त्याला धरणाच्या पोटापासून ओढ्यापर्यंत पोचवतो तो मासा. म्हणजे मासा हीच शिंपल्याची एसटी. एसटी बंद झाली की वस्तीवरचं पोर शाळेत पोचत नाही, हे मावळात मी वेगळं सांगायला नको.

आता मला हे कसं कळलं ते सांगतो. नदीचं नाव सांगत नाही, नाहीतर रविवारी टोपल्या घेऊन मंडळी तिथे हजर. फेब्रुवारी होता. पाणी उतरलेलं, नितळ. आमची पद्धत साधी असते. पीव्हीसी पाइपची मीटरभर लांबी-रुंदीची चौकट तळाशी ठेवायची, तळाला काच बसवलेली बादली पाण्यावर धरून आत बघायचं आणि मग हातानं चाचपत त्या चौकटीतले सगळे शिंपले वर काढायचे. मापणीनं लांबी घ्यायची, वहीत लिहायची, आणि शिंपला ज्या तोंडानं बसला होता त्याच तोंडानं परत रुतवायचा. उलटा टाकला तर बिचाऱ्याचा दिवस जातो सरळ व्हायला. मासे फेकजाळ्यानं धरायचे, काचेच्या पेटीत क्षणभर ठेवून फोटो, मोजमाप, आणि लगेच पाण्यात.

त्या सकाळी चौकटी भरून येत होत्या. चार, पाच, एकदा सात. मी खूश. काठावर एक कातकरी मावशी कपडे धूत होत्या. त्या आमच्याकडे बघून हसत होत्या, कारण आम्ही जे चौकटी लावून शोधत होतो ते त्या पायाच्या अंगठ्यानं शोधतात. पाण्यात दोन पावलं टाकली की “हितं हाय” म्हणून खाली वाकायचं. मी त्यांना म्हटलं, “मावशी, शिंपले भरपूर आहेत की इथं.” त्यांनी हातातला एक शिंपला उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, “हायेत. पर ही सगळी म्हातारी हायेत, दादा. बारकं कुठं दिसतंय तुला?”

मी वही उघडली. लांबीच्या रकान्यावरून बोट फिरवलं. सगळे आकडे एका झुबक्यात, आठ सेंटिमीटरच्या आसपास. तीन सेंटिमीटरचा एकही नाही, दोनचा नाही. वस्तीशाळेचा पटच होता तो. चौथी भरलेली, पहिली कोरी.

मनाची समजूत घालायला वाव होता. पिल्लं वाळूच्या आत दडून राहतात, हाताला लागत नाहीत. म्हणून आम्ही वाळू चाळायला बसलो. आधी धान्याची मोठ्या भोकांची चाळण आणली होती; तिच्यातून सगळंच खाली गेलं. मग मावशींनी घरून रव्याची चाळण आणून दिली. घमेलं घमेलं वाळू त्या चाळणीतून काढली. गोगलगायी निघाल्या, किड्यांच्या अळ्या निघाल्या, बाटलीची झाकणं निघाली. शिंपल्याचं पिल्लू निघालं नाही. आणि वाळू तरी वाळू कुठे होती? वर दोन बोटं रेती, खाली लोण्यासारखा चिखल. वरच्या डोंगराला रस्त्यासाठी, प्लॉटसाठी घाव घातले की पहिल्या पावसात ती माती खाली येते आणि वाळूच्या फटी लिंपते. पिल्लाला श्वास घ्यायला त्या फटीच लागतात. राहिला मासा. जाळ्यात आलेल्या माशांत निम्म्याच्या वर चिलापी. हा आफ्रिकेतला पाहुणा १९५२ साली देशात आला. त्याची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे कुठल्याही डबक्यात त्याचा संसार होतो. त्यानं स्वतःची सोय केली, पण शिंपल्याच्या पोरांना पाठीवर घेण्याचा करार त्याच्याशी कोणी केलेला नव्हता.

हे दुखणं एकट्या मावळाचं नाही. युरोपातल्या थंड नद्यांत मोत्याचा शिंपला असतो. तो शंभर वर्षांहून अधिक जगतो. तिथल्या कित्येक नद्यांत तो दिसतो, पण सगळ्यांत धाकटा शिंपलासुद्धा काही दशकांचा. कारणं तीच, फटींत भरलेला गाळ आणि नाहीसे झालेले सॅमन-ट्राउट. अमेरिकेनं २०२३ साली एकवीस जीवजाती नामशेष झाल्या म्हणून संरक्षित यादीतून काढल्या. त्यांत आठ नदीतले शिंपले होते. शिंपला मरतो तेव्हा ओरडत नाही, वास सुटून बातमी होत नाही. दीर्घायुषी असल्यामुळे त्याचं जाणं वर्षानुवर्षं असण्यासारखं दिसतं.

इथे कोणी म्हणेल, मग बाहेरून आणून सोडा की! मासे सोडा, शिंपले सोडा. याचं उत्तर आपल्याच तालुक्यात आहे आणि ते दुधारी आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकात महाशीरची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी माशाची अंडी हातानं काढून, फलित करून, पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलं. काम मोठं होतं, त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. लाखो पिल्लं देशभर गेली. ज्या टॉर खुडरीला संकटग्रस्त म्हणत होते त्याला अलीकडे आंतरराष्ट्रीय लाल यादीनं संकटातून बाहेर काढलं. पण इथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, धिप्पाड. आपला मासा तिथे इतका फोफावला की मूळचा मालक कोपऱ्यात गेला. २०१८ साली अभ्यासकांनी तो टॉर रेमादेवी असल्याचं दाखवलं, आणि शास्त्रीय नाव नक्की झालं तेव्हा तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. कोणाचा हेतू वाईट नव्हता. फक्त कुठल्या गावचं पोर कुठल्या शाळेत घालतो आहोत, हे कोणी पाहिलं नाही.

तुम्हाला २०११ची पटपडताळणी आठवत असेल. तीन दिवस राज्यभर पोरं मोजली, आणि कुठे कुठे शेजारच्या शाळेतली पोरं आणून बसवलेली सापडली. धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडून ‘मासे वाढले’ म्हणणं मला तसंच वाटतं. कटला, रोहू यांनी मच्छीमार सोसायटीचं पोट भरतं, त्याला माझी ना नाही. पण त्यांना नदीच्या पटावर धरू नका. नदीचा पट म्हणजे जे नदीत जन्मलं ते.

आणि नदीत जन्म कधी होतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. शाळा आणि नदी, दोघींचा प्रवेश जूनमध्ये. मृगाचा पाऊस पडला, ओढे गढूळ होऊन नदीला भिडले की चढणीचे मासे निघतात. प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून, पाटांतून, बांधावरून उसळ्या मारत थेट भाताच्या खाचरांत. ज्या खाचरांत आपला इंद्रायणी तांदूळ पिकतो, वडगावच्या संशोधन केंद्रानं दिलेला, तीच खाचरं माशांची बाळंतिणीची खोली. बॅटरी घेऊन रात्री चढणीचे मासे धरायची मजा मी लहानपणी केली आहे. त्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे. खाऊ नका असं मी सांगणार नाही. पूर्वी घरापुरते धरायचे, आणि आडवाटेचे चार ओढे तसेच राहायचे. आता ओढ्याच्या तोंडाशी काठापासून काठापर्यंत बारीक आसाचं नायलॉन जाळं लागतं, कुठे ब्लीचिंग पावडर पडते, आणि ज्या ओढ्याला सिमेंटचा नळ घातला तिथे मासा उडी मारून थकतो. पोटात अंडी घेऊन आलेली मादी दाराशीच अडली, तर पुढचा वर्ग भरणार कसा?

मग करायचं काय? मोजायचं, पण गुरुजींसारखं. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कित्येक गावांत ही वही कोणीतरी तालुक्याला बसून लिहितो आणि कपाटात ठेवतो. ती नदीवर न्या. पात्रात तीन जागा ठरवा, एक खळखळाट, एक डोह, एक ओढ्याचं तोंड. दरवर्षी त्याच जागी, फेब्रुवारीत एकदा आणि भातलावणी उरकल्यावर एकदा. नाव आधी आपलं लिहा. साइक्सनं तेच केलं आणि पावणेदोनशे वर्षांनी ते टिकून आहे. प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवा, मोठे किती आणि पोरं किती. दिसलं नाही तर रकाना मोकळा ठेवू नका, शून्य लिहा. मोकळा रकाना म्हणजे कोणी गेलंच नाही. शून्य म्हणजे गेलो, शोधलं, नाही. या दोहोंत फार फरक आहे. आणि वही भरायला मला किंवा पुण्याच्या कोणा साहेबाला बोलवायच्या आधी त्या मावशींना बोलवा. रोजंदारी द्या. अंगठ्यानं वाळू वाचता येणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. त्या वर्गातही पहिली रिकामीच आहे.

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. तो किस्सा सांगणाऱ्यानं मला पुढचंही सांगितलं होतं. पहिली रिकामी बघून गुरुजी रागावले नाहीत की भाषण करून निघाले नाहीत. छत्री घेतली आणि वस्तीवर घरोघर फिरले. कुठल्या घरात सहा वर्षांचं पोर आहे, ते का येत नाही, वाटेत ओढा आहे का, धाकट्याला सांभाळायला घरी कोण आहे. संध्याकाळी त्यांच्याकडे तीन नावं होती आणि तीन कारणं. मग ओढ्यावर साकव व्हावा म्हणून त्यांनी अर्ज लिहिला.

आपणही कारणांपासून सुरुवात करू. येत्या रविवारी सकाळी सात वाजता इंद्रायणीच्या पुलाखाली मी असेन. शाळेची मुलं आली तर आनंद, मोठी आली तर आणखी आनंद. पायात जुनी चप्पल घाला, शिंपला कापतो. आणि घरात रव्याची जुनी चाळण पडून असेल तर ती घेऊन या. धान्याची नको.